परत गेलेल्या माणसाचा रकाना

रात्री अकरा वाजता तुम्ही फोनवर दहा मिनिटांत सामान आणून देणारं अ‍ॅप उघडता. हवा तो शाम्पू संपलेला असतो. फोटो राखाडी झालेला असतो आणि खाली एक बटण असतं : 'आल्यावर कळवा'. तुम्ही ते दाबता आणि विसरता. कंपनी मात्र विसरत नाही. अमुक भागात, अमुक वेळी, इतक्या लोकांना ही वस्तू हवी होती आणि आपल्याकडे ती नव्हती, ही नोंद तिच्यासाठी पैशाची असते. 'जेवढं विकलं तेवढंच लोकांना हवं होतं' असं समजणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही, हे नाक्यावरच्या वाण्याला अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

आता वरळी कोळीवाड्यात या. धरा, तिथे एक मावशी आहे. पहाटे मासळी घ्यायला बाहेर पडते, दुपारपर्यंत बाजारात बसते आणि तिला मधुमेह आहे. पालिकेच्या दवाखान्यात मेटफॉर्मिन फुकट मिळतं म्हणून एक दिवस धंदा अर्धा टाकून ती रांगेत उभी राहते. खिडकीतून उत्तर येतं, "मावशी, गोळी आली नाय अजून. सोमवारी बघा." मावशी निघून जाते. ही मावशी मी कल्पनेतली घेतली आहे, पण सरकारी दवाखान्याची रांग ज्यांनी लावली आहे त्यांना ते उत्तर पाठ असेल.

मावशी परत गेली याची नोंद कुठे झाली?

साठ्याच्या नोंदवहीत आलेल्या गोळ्या असतात, दिलेल्या असतात, मुदत संपलेल्या असतात, शिल्लक असतात. नोंदवहीची जागा संगणकाने घेतली तेव्हा हेच रकाने पडद्यावर गेले. फार तर शेजारी रंग आले : लाल, पिवळा, हिरवा. प्रत्येक गोळीचा प्रवास त्यात आहे. गोळीसाठी आलेल्या आणि गोळी न घेता गेलेल्या माणसाचा नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी औषधपुरवठ्याची जी डिजिटल यंत्रणा परत गेलेला माणूस मोजत नाही, ती तुटवडा झाकायचं काम करते. बनवणाऱ्यांची तशी इच्छा नसली तरी करते. रकाना ठेवायचा की नाही हे कुणीतरी एका बैठकीत ठरवलेलं असतं. म्हणून ही चर्चा फक्त इंजिनिअरांची नाही. ती तुमची आहे, माझी आहे आणि सगळ्यात आधी त्या मावशीची आहे.

साठा शून्य, म्हणून मागणी शून्य

एक गणित करू. आकडे मानलेले आहेत, पण पद्धत खरी आहे.

एका दवाखान्यात मेटफॉर्मिन घेणारे ५० रुग्ण आहेत. प्रत्येकाला रोज दोन गोळ्या, म्हणजे महिन्याला ३,००० गोळ्या. पहिल्या महिन्यात माल पूर्ण आला, ३,००० गोळ्या वाटल्या. पुढचे दोन महिने वरूनच अर्धा आला. पंधरा दिवसांत संपला. या दोन्ही महिन्यांत 'वापर' म्हणून नोंद झाली १,५०० गोळ्यांची. आता पुढची मागणी ठरवायची. बहुतेक ठिकाणी ती मागच्या काही महिन्यांच्या सरासरी वापरावरून ठरते. तीन महिन्यांची सरासरी आली २,०००. म्हणजे आता ५० पैकी ३३ रुग्णांपुरताच माल मागवला जाणार. तो वेळेवर, पूर्ण आला तरी महिन्याच्या विसाव्या दिवशी संपणार. मग शेवटच्या तीन महिन्यांचे आकडे होतात १,५००, १,५०० आणि २,०००. सरासरी १,६६७. म्हणजे २८ रुग्ण.

या सगळ्यात कुणी चोरी केली नाही. कुणी खोटी नोंद केली नाही. फार्मासिस्टने प्रत्येक गोळी प्रामाणिकपणे टिपली. तरीही चार-पाच महिन्यांत जवळजवळ निम्मे रुग्ण हिशोबातून गायब झाले. आणि पडद्यावर काय दिसतं? मागणी २,०००, पुरवठा २,०००. शंभर टक्के पूर्तता. हिरवा रंग.

औषध व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत यावरचा उपाय जुना आहे : सरासरी काढताना जितके दिवस माल होता तितक्याच दिवसांनी भागायचं. १,५०० गोळ्या पंधरा दिवसांत गेल्या, म्हणजे रोज १००, म्हणजे महिन्याला ३,०००. एका ओळीचं सूत्र आहे. पण त्यासाठी साठा नेमका कोणत्या दिवशी शून्यावर आला हे नोंदलं पाहिजे आणि ते सूत्रात घेतलं पाहिजे. एवढंही करून प्रश्न पूर्ण सुटत नाही. दोनदा हात हलवत परत गेलेली मावशी तिसऱ्यांदा येतच नाही. ती केमिस्टकडून दहा गोळ्यांची पट्टी घेते आणि दिवसाला दोनऐवजी एक खाते. किंवा गोळी सोडूनच देते. मग माल आलेल्या दिवशीही तिची मागणी दिसत नाही. सूत्राने दिवसांची भरपाई होते, पण विश्वास गमावून घरी बसलेल्या माणसाची होत नाही. त्यासाठी तो पहिल्यांदा परत गेला तेव्हाच टिपावा लागतो.

सरासरीची आणखी एक गोम आहे. मुंबईचा पाऊस सरासरीने पडत नाही. अतिवृष्टी होते, साचलेल्या पाण्यातून लोक चालतात आणि लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन घ्यायचं आवाहन पालिका करते. ती गोळी पाण्यातून गेल्यावर तीन दिवसांच्या आत घ्यायची असते. मार्च-एप्रिल-मेच्या सरासरीवरून मागवलेला साठा त्या तीन दिवसांत काय कामाचा? कोळीवाड्याचं कॅलेंडरही वेगळं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घरातली कमाई आटते आणि केमिस्टकडून गोळ्या घेणारा माणूसही सरकारी दवाखान्याकडे वळू शकतो. मासेमारी सुरू असते तेव्हा माणूस भरती-ओहोटीच्या वेळा बघून बाहेर पडतो, दवाखान्याच्या वेळा बघून नाही. हे सगळं कोळीवाड्यातल्या कुठल्याही घरात माहीत आहे. पुरवठ्याच्या सॉफ्टवेअरसाठी गरजांची यादी करायला बसलेल्या टीमने ते किती वेळा विचारलं असेल?

बंदोबस्तात सापडलेला कोळीवाडा

वरळी कोळीवाड्याला वरून आलेल्या नियोजनाचा अनुभव आहे. मार्च २०२० च्या अखेरीस कोविडचे रुग्ण सापडल्यावर मुंबईत सगळ्यात आधी जे भाग सील झाले त्यांत तो होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पोलिसांचे अडथळे, मध्ये हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागतील अशा गल्ल्या. नकाशावर तो 'प्रतिबंधित क्षेत्र' झाला.

एप्रिलमध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की वरळी कोळीवाडा आणि धारावीतल्या लोकांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायच्या. तसा शास्त्रीय पुरावा नाही अशी टीका झाली आणि योजना थांबली. बरं झालं थांबली. पण ती सुचली कशी ते बघा. वस्तीतल्या लोकांनी न मागितलेली, उपयोग सिद्ध न झालेली गोळी त्यांच्या दारापर्यंत पोहोचवायची तयारी काही दिवसांत होऊ शकली. ही गोळी ज्यांना खरोखर लागते ते ल्युपसचे आणि संधिवाताचे रुग्ण तेव्हा देशभर ती शोधत फिरत होते. आणि अडथळ्यांच्या आत अडकलेल्या माणसाची रोजची रक्तदाबाची, साखरेची, फिटची गोळी? ती पोहोचवण्यासाठी आधी कुणाला काय लागतं हे माहीत हवं. वरून ढकललेला माल आणि खालून मागितलेला माल यांतला फरक हाच आहे. ढकलण्यासाठी लोकसंख्येचा आकडा पुरतो. मागणी समजायला माणसाशी बोलावं लागतं.

पुढच्या वर्षी कोविन आलं. त्याच्या पायात 'ईविन' होतं. ईविन म्हणजे लशींचा साठा आणि शीतपेट्यांचं तापमान यांवर लक्ष ठेवणारी, २०१५ पासून देशात पसरत गेलेली यंत्रणा. तिच्याबद्दल पुढे चांगलं बोलणार आहे. पण कोविनने साठ्याच्या यंत्रणेला माणसांच्या रांगेचं दार बनवलं. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशीच्या तांत्रिक गोंधळामुळे महाराष्ट्रात ते १८ तारखेपर्यंत थांबवावं लागलं. हे एकवेळ समजू शकतं, एवढं मोठं काम पहिल्या दिवशी अडखळणारच. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली तेव्हा मात्र ऑनलाइन नोंदणी सक्तीची करण्यात आली. तो निर्णय होता, अडखळणं नव्हतं. ज्याचं बोट वेगवान, ज्याचं इंटरनेट चांगलं, ज्याच्या टेलिग्रामवर स्लॉट उघडल्याचा इशारा आधी येतो, त्याला लस आधी. मराठीसह प्रादेशिक भाषा पोर्टलवर आल्या त्या जूनमध्ये, म्हणजे लसीकरण सुरू होऊन जवळजवळ पाच महिने झाल्यावर. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर सरकारला प्रश्न विचारले. त्याच्या आगेमागे केंद्रावर जाऊन नोंदणी करायची मुभा मिळाली.

त्या काळात रोज संध्याकाळी एक आकडा जाहीर व्हायचा : आज इतक्या लशी दिल्या. पोर्टल उघडून स्लॉट न मिळाल्यामुळे बंद करणाऱ्यांचा आकडा कुणी जाहीर केला? त्यांनी ओटीपी टाकला होता, पिनकोड टाकला होता. म्हणजे यंत्रणेच्या दारात येऊन ते परत गेले होते, तेही स्वतःच्या मोबाइल नंबरासकट. परत गेलेला माणूस मोजायची याहून सोपी संधी या देशाला मिळाली नव्हती. आपण ती दवडली.

आणि जे मोजलं त्याचं काय? मे आणि जून २०२१ मध्ये मुंबईत बनावट लसीकरण शिबिरं भरली. फसवल्या गेलेल्यांचा जो आकडा मुंबई उच्च न्यायालयापुढे आला तो २,०५३ होता. त्यांतल्या अनेकांच्या हातात कोविनची प्रमाणपत्रं होती, कुठल्यातरी भलत्याच रुग्णालयाच्या नावाची. दंडात खारं पाणी आणि पडद्यावर 'लस दिली'. यंत्रणा वरच्या माणसाला आकडा देण्यासाठी बांधली की आकडा मिळतोच. त्यामागे लस आहे का, हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो.

'साठा पुरेसा आहे'

या वाक्याने आपल्याकडे किती वाद मिटवले जातात ते मोजायला हवं.

क्षयरोग घ्या. मुंबई या रोगाच्या ओझ्याखाली वाकलेली आहे. कोळीवाड्यापासून शिवडीचं क्षयरोग रुग्णालय लांब नाही, आणि माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या ज्या रुग्णांवर जवळपास कुठलंच औषध चालत नव्हतं त्यांच्या बातमीने २०१२ च्या सुरुवातीला जगभर खळबळ माजली, तेही रुग्णालय याच किनाऱ्यावर आहे. साध्या क्षयाला सहा महिने रोज गोळ्या लागतात. त्यात खंड पडला की जंतू औषधाला सरावतात. म्हणजे इथे गोळी संपण्याचा परिणाम त्या एका रुग्णापुरता राहत नाही. तो त्याच्या खोलीत झोपणाऱ्या इतर सहा जणांपर्यंत जातो.

या रोगासाठी देशात 'निक्षय' आहे, २०१२ पासून. प्रत्येक रुग्णाची नोंद. औषधांच्या साठ्यासाठी 'निक्षय औषधी' आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये औषध तुटवड्याच्या बातम्या आल्या तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्या फेटाळल्या आणि साठा पुरेसा असल्याचं सांगितलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राकडूनच राज्यांना पत्र गेलं : पुरवठ्यात अडचण आहे, तीन महिन्यांपुरती औषधं तुमच्या पातळीवर खरेदी करा. या सहा महिन्यांत पोर्टल बंद नव्हतं. रुग्णांची नावं त्यात होती, गोळ्यांचे आकडे त्यात होते. माहिती असणं आणि माहितीची जबाबदारी असणं या दोन गोष्टी आहेत, एवढंच यातून कळतं.

नांदेड आठवा. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर लगेच जुंपली. सरकार म्हणालं औषधं होती. नातेवाईक म्हणाले आम्हाला बाहेरून आणायला लावली. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. 'बाहेरून आणा' म्हणून हातात ठेवलेल्या चिठ्ठीची एक प्रत कुठेतरी नोंदली गेली असती, तर एवढ्या साध्या प्रश्नावर बाळाच्या बापाच्या शब्दाविरुद्ध मंत्र्याचा शब्द असा सामना झाला नसता.

मुंबई महापालिकेने 'झिरो प्रिस्क्रिप्शन' धोरण जाहीर केलं आहे. म्हणजे रुग्णाला बाहेरून औषध आणायची चिठ्ठी द्यायची नाही. छान. पण शून्य झालं हे कळणार कसं? आज किती चिठ्ठ्या लिहिल्या जातात हे मोजल्याशिवाय 'शून्य' हा आकडा फक्त फलकावर लिहिता येतो. दुसरं टोकही बघा. जानेवारी २०२५ मध्ये पालिका रुग्णालयांना औषधं पुरवणाऱ्यांनी सुमारे १२० कोटी रुपये थकल्याचं सांगून पुरवठा थांबवायचा इशारा दिला. बिल थकलं की माल थांबतो, हे समजायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. पण फार्मासिस्टच्या पडद्यावर 'मागणी नोंदवली' एवढंच दिसणार असेल आणि पुरवठादाराचं बिल किती महिने कुणाच्या टेबलावर पडून आहे हे दिसणार नसेल, तर खिडकीत शिव्या खाणारा माणूस आणि खरा जबाबदार माणूस यांची गाठ कधीच पडणार नाही.

'मग काय परत कागद आणायचे?'

इथे कुणीतरी म्हणेल की हा सगळा तंत्रज्ञानाचा द्वेष आहे. कागदाच्या काळात काय रामराज्य होतं?

अजिबात नव्हतं. १९८६ मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण मेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने आपल्या अहवालात खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतची सगळी सडलेली साखळी उघडी पाडली. आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. सह्या आणि शिक्के असलेले कागद तेव्हा ढिगाने होते. २०२४ मध्ये नागपूर आणि अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेली अँटिबायोटिक्स बनावट निघाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा संगणक होते. बाटली कुठल्या बॅचची, कुणाकडून आली, कुठल्या वॉर्डात गेली, कुणाला दिली, हे काही मिनिटांत सांगणारी यंत्रणा हवीच. ती डिजिटलच असावी लागेल. माझा झगडा ती कुणासाठी बांधली जाते याच्याशी आहे.

म्हणूनच ईविनचं कौतुक करायला हवं. तिथे लस सांभाळणाऱ्याच्या हातात साधं अ‍ॅप दिलं, थोडीच माहिती मागितली. शीतपेटीत तापमापक बसवला, जो २ ते ८ अंशांच्या बाहेर गेल्यावर इशारा पाठवतो. आणि या यंत्रासोबत जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं नेमली, ज्यांचं कामच होतं इशारा आल्यावर हालचाल करणं. पेटीचं तापमान वाढलं की कुणाचा तरी फोन वाजायला हवा, हे त्यात गृहीत होतं. ज्या बाजारात बर्फ वितळला की माल नासतो तिथल्या कोळणीला हे समजावून सांगावं लागणार नाही. इशाऱ्यानंतर धावणारा माणूस नसेल तर इशाऱ्याचा उपयोग काय?

दुसरं उदाहरण तामिळनाडूचं. तिथे १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. जिल्हावार गोदामं, बॅचची तपासणी झाल्यावरच वाटप, गोदामांत संगणक. आणि त्यासोबत एक अगदी साधी वस्तू : पासबुक. प्रत्येक सरकारी दवाखान्याला वर्षभराचा ठरलेला हक्क मिळतो, तो पासबुकात लिहिलेला असतो, आणि दवाखाना आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषधं उचलतो. खालचा माणूस मागतो, वरचा देतो, आणि देवाणघेवाणीचा पुरावा खालच्याच्याही हातात राहतो. महाराष्ट्रात पुण्याच्या 'साथी'सारख्या संस्था आणि डॉ. अनंत फडके यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षं या धर्तीची मागणी करत आले. आपण काय केलं? २०१७ मध्ये खरेदी परळच्या हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली. लशी बनवण्यासाठी ओळखलं जाणारं नाव खरेदीच्या दिरंगाईसाठी ओळखलं जाऊ लागलं. मग २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी नवं प्राधिकरण. प्रत्येक वेळी वरचा मजला बदलला. खिडकीतल्या माणसाचा अधिकार तोच राहिला : मागणी पाठवा आणि वाट बघा.

काय हवं

टीका करून थांबणं सोपं आहे, म्हणून मागण्या स्पष्ट लिहितो.

पहिली. प्रत्येक दवाखान्याच्या पडद्यावर एक बटण : 'नाही म्हणून परत'. औषधाचं नाव निवडायचं आणि एकदा दाबायचं. रुग्णाचं नाव नको, आधार नको, ओटीपी नको. नेट नसेल तरी ते दाबता आलं पाहिजे आणि नेट आल्यावर आपोआप वर गेलं पाहिजे. खिडकीसमोर शंभर माणसं असताना एका नोंदीला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ती नोंद होणार नाही, हे बनवणाऱ्याने पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवावं.

दुसरी. पुढची मागणी ठरवताना हा आकडा आणि साठा शून्य असलेले दिवस, दोन्ही सूत्रात आले पाहिजेत. पावसाळ्याचा वेगळा हिशोब पाहिजे. फार्मासिस्टने 'इथे जास्त लागेल' असं कारणासह लिहिलं तर ते डावलणाऱ्यानेही कारण लिहिलं पाहिजे.

तिसरी. लाल रंगाला मालक हवा. अमुक औषध सात दिवस नाही, तर कुणाच्या टेबलावर अडकलं आहे : निविदा, तपासणी, बिल की वाहतूक? तो टप्पा आणि त्या पदाचं नाव फार्मासिस्टला दिसलं पाहिजे. सध्या वरच्याला खालचा दिसतो. खालच्यालाही वरचा दिसू दे.

चौथी. एकच नोंद एकदाच. वहीत लिहा, मग संगणकात भरा, मग वरच्या कार्यालयाच्या एक्सेलमध्ये भरा, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाका, असं काम लादलं की आकडे घाईत मारले जातात आणि नंतर 'कर्मचारी नीट एंट्री करत नाहीत' असा ठपकाही त्यांच्यावरच ठेवला जातो. आणि 'परत गेले' हा आकडा वाढला म्हणून फार्मासिस्टला नोटीस जाणार असेल तर तो बटण दाबणारच नाही. तो आकडा दाखवणाऱ्याला संरक्षण हवं.

पाचवी. हे सगळं दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर, मराठीत, रोज. आज कुठली औषधं नाहीत, कधीपासून नाहीत, जवळ कुठे मिळतील. मावशीने धंदा बुडवून रांगेत उभं राहायच्या आधी तिला हे कळलं पाहिजे. तुमच्या फोनवरही ते दिसावं, पण फळा पहिला.

यातली एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अवघड आहे ते हे : पहिल्या महिन्यात तुटवड्याचा आकडा एकदम वर जाईल आणि कुणालातरी तो सभागृहात, पत्रकार परिषदेत मान्य करावा लागेल. म्हणूनच तो रकाना नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुढे कितीतरी काळ मुंबईत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. त्या काळात औषध न मिळालेल्या माणसाने ओरडायचं तरी कुणाच्या दारात, हाही प्रश्न होता. यंत्रणेत रकाना नाही आणि सभागृहात आवाज नाही, अशा दुहेरी शांततेत 'साठा पुरेसा आहे' हे वाक्य फार छान ऐकू येतं.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण उद्या असली सॉफ्टवेअर लिहिणार आहात, काही जण आत्ताच लिहीत असाल. टेंडरच्या कागदात 'परत गेलेला रुग्ण' हा रकाना नसेल तर तो का नाही हे बैठकीत विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. बाकीच्यांसाठी दहा रुपयांचं काम आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या वॉर्डातल्या एका दवाखान्याबद्दल अर्ज टाका आणि दोनच प्रश्न विचारा : गेल्या वर्षात कुठलं औषध किती दिवस शून्यावर होतं, आणि त्या दिवसांत किती रुग्ण औषधाविना परत गेले? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पहिल्या प्रश्नाला कदाचित तक्ता मिळेल. दुसऱ्याला 'अशी माहिती संकलित केली जात नाही' असं उत्तर आलं, तर तो कागद जपून ठेवा, फोटो काढा, शेअर करा. पुढच्या वेळी कुणी साठा पुरेसा असल्याचं सांगितलं की त्यांच्यासमोर तोच कागद धरायचा आहे.